पेडण्याच्या क्लिनिकमधली ती निवांत खोली

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली सकाळ. गोव्यातल्या आमच्या चोपड्याहून स्कूटरवर आम्ही पेडण्याला निघालो... मी, नवरा आणि मध्ये चेंगरून बसलेली आमची सानू. तिचे कान तपासायचे होते.

शाळेत घालायचं वय झालं तरी पोर दोन-चार शब्दांपलीकडे बोलत नव्हती. सासूबाईंना मात्र काडीची शंका नव्हती. "सगळा आयकता गो ती! बापाशीची स्कूटर इली की पयली तीच धावता." मलाही ते खरं वाटायचं. म्हणजे, खरं असावं असं वाटायचं.

तपासणीची खोली अगदी लहान, भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं. दार लागलं आणि बाहेरची बस, हॉर्न, बाजार सगळं विरघळून गेलं... भरती पुरी झाली की आमची नदी क्षणभर थांबते ना, तसं वाटलं. मला तिथे चक्क झोप येईल असं वाटायला लागलं.

सानू माझ्यासमोर बसली. स्पीकरमधून आवाज आला की एक रंगीत रिंग खुंटीत घालायची, एवढाच खेळ. आवाज यायचा, बारीक, कुठून तरी लांबून आल्यासारखा... आणि सानूची रिंग पटकन खुंटीत! मी मनातल्या मनात पेढे वाटायला सुरुवात केली होती.

तेवढ्यात काचेपलीकडून बघणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडम आत आल्या. "ताई, आवाज आला की तुमच्या भुवया वर जातात. ती तुमच्याकडे बघून रिंग घालते. जरा तिच्या पाठीमागे बसता?"

मागे बसले. पुन्हा आवाज आला... मोठा झाला... आणखी मोठा. रिंग सानूच्या हातातच राहिली. ती मान वळवून वळवून मला शोधत होती. मी ओढणीचा बोळा तोंडात धरून रडले.

माझी पोर इतके दिवस माझ्या चेहऱ्यावरून जग ऐकत होती. स्कूटर आली की मी दाराकडे बघायचे, आणि तेवढं बघून ती धाव घ्यायची. जीव तुटला माझा... आणि खोटं कशाला सांगू, तिच्या हुशारीचा अभिमानही वाटला.

मग कानात घालायची मशिनं आली. पहिल्याच दिवशी तिने ती पिठाच्या डब्यात पुरली. दर आठवड्याला थेरपीसाठी पेडण्याची फेरी सुरू झाली. ओठ बघून नको, ऐकून कळू दे, म्हणून बोलताना तोंड झाका असं तिथे सांगितलं होतं... सासूबाई तोंडासमोर तांदूळ पाखडायचं सूप धरून नातीशी गप्पा मारायला लागल्या!

परवा दुपारी मी स्वयंपाकघरात तिसऱ्यांचे शिंपले साफ करत बसले होते. सानू मागे माडांखाली खेळत होती. एरवी काही सांगायचं असलं की ती धावत यायची, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवायची आणि मगच बोलायची. मी दिसले नाही तर तिच्यासाठी मी नव्हतेच.

परवा ती आली नाही. मध्ये भिंत असताना, तिथूनच तिने हाक मारली... "आये!"

मी लगेच ओ दिली नाही. मला ती पुन्हा ऐकायची होती.

"आयेऽऽ!"

"ओऽ, सानू!" म्हटलं. भिंतीपलीकडून खुदकन हसल्याचा आवाज आला. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, तिला माझा दिसत नव्हता... आणि दोघींचंही काही अडलं नाही.