बांगड्या भरणारी

लेकीवर मी कधी हात उगारला नाही, म्हणून स्वतःला चांगला बाप समजत होतो. तिला उठता-बसता 'बावळट' म्हणायचो, ते मात्र मोजत नव्हतो.

सोनपेठच्या आठवडी बाजारात एक म्हातारी कासारीण तिला बांगड्या भरत होती. "ढिला सोड हात, माय," म्हणत ती बोटं अलगद दाबायची आणि बांगडी सरकवायची.

"हिला तेवढंही जमायचं नाही," मी म्हणालो.

कासारीण थांबली. "दादा, तुमी बोललात की लगीच पोरीचा हात आखडायलाय. मार खाल्लेल्या लेकराचा असा ऱ्हातो."

मग हात सैल होईपर्यंत ती तो कुरवाळत बसली. गिऱ्हाइकं खोळंबली, तरी तिनं घाई केली नाही.

परतताना एसटीत मी लेकीला म्हणालो, "बाळा, तुला लागेल असं मी रोज बोललो. माझं चुकलं."