दोन मिनिटांचा थांबा

एखाद्या रेल्वे स्टेशनवर माझ्या बायकोच्या मामांइतकं प्रेम करणारा माणूस खुद्द रेल्वेतही सापडायचा नाही. मामा रेल्वेत कधीच नव्हते. चंदीगडला विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. पण त्यांचा जीव अडकलाय तो खानदेशातल्या एका एवढ्याशा स्टेशनात. तिथे त्यांचे वडील स्टेशन मास्तर होते आणि सोळाव्या वर्षापर्यंत मामा तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. त्यानंतर ते तिकडे एकदाही फिरकले नव्हते. मामी होत्या तेव्हा म्हणायच्या, "एवढं आहे तर जाऊन या की एकदा!" यावर मामा विषय बदलून चंदीगडला नावं ठेवायला लागायचे. "जावईबापू, ज्या गावात स्टेशन रोड नाही ते गाव कसलं? स्टेशन नेऊन ठेवलंय पार पंचकुल्याच्या अंगाला, आणि गावात नुसते सेक्टरांचे आकडे." त्यांचं स्वतःचं घर सेक्टर पंधरामध्ये आहे, याची त्यांना आठवण करून देण्यात काही अर्थ नसे.

या स्टेशनचा इतिहास त्यांनी सहा वह्यांत लिहून ठेवला आहे. पैकी एक अख्खी वही फलाटावरच्या कडुनिंबांची. कोणत्या मास्तरांनी कोणता लावला, कोणत्या पोर्टरने त्याला पाणी घातलं आणि कोणाच्या बकरीने तो खाल्ला, सगळं त्यात आहे. 'प्रवाशांसाठी सुविधा' या प्रकरणात एक प्रतीक्षालय, एक नळ आणि एक वजनकाटा यांवर त्यांनी चाळीस पानं खर्ची घातली आहेत. माझ्या मुलीने एकदा ती चाळीसही पानं ऐकून घेतली आणि विचारलं, "नानू, वहाँ वायफाय है?" मामा अजिबात न डगमगता म्हणाले, "बाळा, तिथे वजनकाटा होता." एका गणपतीत इथल्या मराठी मंडळाने त्यांना आभार मानायला उभं केलं. त्यांनी पहिल्याच वाक्यात आपल्या स्टेशनवर गाडी नेली. आरतीचं तबक धरून उभ्या असलेल्या, मंडळातल्या एका कॅप्टनसाहेबांच्या पत्नीने तीनदा निरांजन पेटवलं. मामांचं भाषण मात्र अजून दुसऱ्या मास्तरांपर्यंतच आलं होतं.

गेल्या वर्षी त्यांनी आनंदाने वेडंच व्हायचं बाकी ठेवलं. झालं असं की दिल्लीहून येणाऱ्या एका एक्स्प्रेसला त्या स्टेशनवर प्रायोगिक थांबा मिळाला. दोन मिनिटं, सहा महिन्यांपुरता. पुरेसे प्रवासी मिळाले तर थांबा कायम, नाहीतर गाडी पुन्हा न थांबता निघून जाणार. त्या दिवसापासून मामांनी ट्रायसिटीतल्या, म्हणजे चंदीगड-मोहाली-पंचकुल्यातल्या, एकाही मराठी माणसाला सुखाने गावी जाऊ दिलं नाही. कोणी लष्करातले सुट्टीवर निघाले, कोणा डॉक्टरीणबाईंचं माहेरपण ठरलं, मोहालीच्या नॉलेज सिटीतला एखादा पीएचडीवाला लग्नासाठी मुलगी बघायला निघाला, की मामा दारात हजर. "तिकीट आमच्या स्टेशनपर्यंतचंच काढायचं हं. पक्का? पुढचं पुढे बघू." वयाचा मान ठेवून लोक काढायचेसुद्धा. एक मेजरसाहेब बायको आणि तीन ट्रंका घेऊन भर उन्हात तिथे उतरले. परत आल्यावर मला सांगत होते, "यार, तिथला मास्तर पळत आला आणि म्हणाला, साहेब, चुकून उतरलात का?"

साडेपाच महिने हा उद्योग चालला. मग एके दिवशी मामांनी तिथल्या मास्तरांचा नंबर मिळवला आणि मोठ्या ऐटीत, फोन स्पीकरवर ठेवून, आपण किती प्रवासी पाठवले ते त्यांना सांगितलं. पलीकडून मास्तर जरा अवघडून म्हणाले, "साहेब, उतरणाऱ्यांना कोण विचारतो? आमच्या खिडकीवर तिकीट काढून जे गाडीत चढतात, तेच मोजतात."

मी हसणार होतो. मामांचा चेहरा पाहिला आणि फोनचा स्पीकर बंद केला.

दुसऱ्या दिवशी पंचाहत्तर वर्षांच्या या गृहस्थांनी बॅग भरली. उरलेले पंधरा दिवस ते तिथल्या एका लॉजवर राहिले. रोज सकाळी खिडकीवर तिकीट काढायचं, एक्स्प्रेसमध्ये चढायचं, पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि एसटीने परत यायचं. रोज एक प्रवासी. माझी बायको काळजीने अर्धी झाली, म्हणून शेवटच्या दिवशी मी त्यांना आणायला गेलो. मामा फलाटावरच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी माझंही तिकीट काढून ठेवलं होतं. गाडी आली, थांबली. फलाटावरून आम्ही दोघंच चढलो. "आज दुप्पट झाले," मामा म्हणाले. त्यांची इतकी वर्षं मी मनसोक्त थट्टा केली होती, पण त्या क्षणी मला गाडीची साखळी ओढून ठेवावीशी वाटली.

थांबा रद्द झाला. मामांनी बातमी वाचली, पेपरची नीट घडी घातली आणि त्यानंतर ते त्या स्टेशनबद्दल बोलेनासेच झाले. आम्हाला वाटलं होतं, सुटलो. पण रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे, भाजी चांगली झाली म्हणायचे, थंडीबद्दल बोलायचे, आणि घर नकोसं वाटायला लागायचं. तिसऱ्या रविवारी मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मामा, तुमचं क्वार्टर फलाटाच्या कोणत्या बाजूला होतं? तुम्ही मला दाखवलंच नाहीत."

मामांनी पुढचं ताट जरा बाजूला सारलं. मग म्हणाले, "पाडलं ते. आम्ही तिथून निघालो त्याच्या दुसऱ्याच वर्षी कोणीतरी पत्राने कळवलं होतं मला. म्हणून तर कधी गेलो नाही. परवाचे पंधरा दिवस मी त्या बाजूला पाठ करून बसायचो, जावईबापू."

पानं वाढलेली तशीच होती. बायको वाढायची थांबली होती. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि म्हणालो, "घर कसं होतं ते सांगा. दारातून आत गेल्यापासून." आणि मामा सांगायला लागले, अगदी हळू आवाजात.