क्लॅरिओनेटवाल्याच्या अंगात आलं

मी जन्माचा भित्रा. पलटणीत गेलो तोही बँडात, हातात बंदूक धरायला नको म्हणून. तरीसुद्धा शिराळ्याजवळच्या एका लग्नात, भर दुपारी, एका पोरीचं कुंकू राहायचं की पुसायचं हे माझ्या तोंडून ठरायची वेळ आली.

पलटणीच्या बँडात अंग हलवायची सोय नव्हती. खांदा जरा कलला की बँडमास्तर सगळ्यांदेखत बापजाद्यांचा उद्धार करायचा. लढाई ब्रह्मदेशात पेटलेली, आणि आम्ही कलकत्त्यात साहेबलोकांच्या जेवणावळीत वाजवत बसलेलो. तिथंच एकदा अमेरिकन पलटणीतल्या काळ्या शिपायांचा जाझ ऐकला. ऐकला काय, बघितला! त्यांचा क्लॅरिओनेटवाला गुडघ्यात वाकायचा, मागं रेलायचा, डोळे मिटून सूर असा लांबवायचा की माझाच श्वास कोंडायचा. आधी त्याचं अंग वाजायचं, वाद्य मागनं. म्हटलं, असं एकदा तरी वाजवायचं, मग मेलो तरी चालेल.

लढाई संपली आणि सांगलीत येऊन लग्नाच्या बँडात लागलो. मालक जाईल तिथं "पलटणीतला गडी हाय!" म्हणून ओरडून मला मिरवायचा, आणि मागनं दम भरायचा, "सरळ हुबा ऱ्हा. लोकांत सोंगं नगंत."

त्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी फळ्या टाकून आम्हाला वर उभं केलं होतं. मुहूर्ताला वेळ होता. ढोलवाला रंगात आला, लय चढली, आणि काय झालं कोण जाणे, माझे गुडघे आपसूक वाकले. मागं रेललो, डोळे मिटले आणि वरचा सूर धरला तो सोडवेचना. मांड्या थरथरायला लागल्या, घाम डोळ्यांत उतरला. भीती गेली हो माझी! जन्मात पहिल्यांदा.

सूर संपला. डोळे उघडून बघतो तर कुणीतरी माझ्या पायांवर गार पाणी ओततंय. एका बाईनं माझ्या कपाळभर हळद फासली आणि ओरडली, "अंगात आलं! आई आली, आई!" बघता बघता माणसं हात जोडून पुढं सरकली. मालक कानाशी पुटपुटला, "गड्या, आता न्हाई म्हणू नगंस. लोक सोलून काढतील."

तेवढ्यात एक म्हातारी पुढं आली. तिनं आपल्या सुनेला दंडाला धरून आणलं होतं. पोरगी विशीचीही नसेल. कपाळावर ठसठशीत कुंकू, मान खाली.

"आई," म्हातारी मला म्हणाली, "माझा ल्योक पलटणीतनं बर्मात गेला त्यो आलाच न्हाई. सरकार म्हणतंय, घावत न्हाई. भावकी म्हणती, हिचं कुंकू पूस. आता तू म्हणशील तसं. ठिवू का पुसू?"

ठेव म्हणावं तर पोरगी जन्मभर वाटेकडं डोळे लावून बसणार. पूस म्हणावं, आणि तो उद्या दारात उभा राहिला तर? मला कापरं भरलं, आणि ते कापरं बघून लोक आणखीच पाया पडायला लागले. अरे देवा!

शेवटी क्लॅरिओनेट खाली ठेवलं, फळ्यांवरून उतरलो आणि म्हातारीचे पाय धरले. "आवं मावशी, मी देव न्हाई. साधा माणूस हाय. ही नुसती वाजवायची तऱ्हा हाय, कलकत्त्यात बघितल्याली."

मालकानं कपाळावर हात मारला. आता पाठ सोलून निघणार म्हणून मी अंग चोरून बसलो. पण कुणीच हात उगारला नाही. म्हातारीनं मला उठवलं. माझे दंड, खांदे, हाताची बोटं, सगळं नीट चाचपून बघितलं.

"माणूसच हाईस व्हय," ती म्हणाली. "आन् पलटणीतला. मग तू कसा माघारी आलास रं?"