कॉकपिटबाहेरची जाळी

लोकांकडे सासूचे किस्से असतात, आमच्याकडे दाराचे! अंधेरीच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये मी केबिन क्रूला शिकवते. चहाला चौघं जमलो की कुणीतरी सुरू करतंच, "अगं, त्या दाराचं ऐकलंस का?"

कॉकपिटचं दार एकदम पक्कं, बंदुकीच्या गोळीलाही न जुमानणारं. पण पायलटलाही टॉयलेटला जावं लागतं ना! तेव्हा ते उघडतं. त्या काही सेकंदांत कुणी आत घुसू नये म्हणून नव्या विमानांत त्याच्या अलीकडे घडीची जाळी असते. आधी जाळी लावायची, मग दार उघडायचं. पायलट परत आत गेला, दार बंद झालं, की मगच जाळी काढायची. बस्स, एवढंच.

*

जाळी यायच्या आधी आम्ही खाण्याची ट्रॉली आडवी लावायचो आणि तिच्यामागे पहाऱ्याला उभे राहायचो. माझं पहिलंच वर्ष. मी चेहरा कडक करून उभी. पहिल्या रांगेतले काका उठले. "एक चहा. साखर कमी."

"सर, प्लीज बसून घ्या."

"मग गाडी लावलीस कशाला?"

तेवढ्यात कॅप्टन टॉयलेटमधून बाहेर आले. काका त्यांच्यावरच डाफरले, "ओ भाऊ, नंबर माझा आहे!"

*

सेंटरमधल्या नकली विमानाची देखभाल शिरोडकरकाका करतात. घाटकोपरचे, एकेकाळचे कबड्डीपटू. सरावात घुसखोर नेहमी तेच होतात. एकदा समोर प्रज्ञा होती, मानखुर्दची, अंगाने काडी. काका सुसाट धावत आले. प्रज्ञाने खाडकन जाळी लावली, काका धाडकन आपटले.

नाक चोळत म्हणाले, "गो चेडवा, सांगान तरी लावूची!"

"घुसणारा सांगून येतो का काका?"

*

याच प्रज्ञाची आई एकदा सेंटर बघायला आली. मी अर्धा तास जाळीचं महत्त्व समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सेफ्टी डोअर ना मॅडम? आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे आहे. आधी भोकातून बघायचं, मग आतलं दार उघडायचं, जाळीची कडी काढायची नाही." मग लेकीकडे वळल्या. "हे शिकायला तू रोज एवढ्या लांब येतेस?"

आता माझा पहिला तास सेफ्टी डोअरपासूनच सुरू होतो. पोरांना दोन मिनिटांत कळतं!

*

सवय घरापर्यंत येते हो. कॉकपिटबाहेरून कुणी कोड दाबला तरी आतला पायलट नकार देऊ शकतो. एका रविवारी भांडुपला आमच्या घरी बेल वाजली. मी आतूनच ओरडले, "कोण?"

"अगं, मी! भाजी आणलीय!" नवरा.

"कुठली?"

"कारली."

"परवानगी नाही!"

*

पण सगळ्यांत भारी किस्सा परब कॅप्टनचा. नव्या विमानावर प्रज्ञाची दुसरीच फ्लाइट होती आणि तिला तपासायला मी सोबत होते. मध्येच बोलायची मला मुभा नव्हती. त्या दिवशी कॅप्टनची ऐंशीची आई पहिल्यांदाच विमानात बसली होती, पहिल्या रांगेत.

कॅप्टन टॉयलेटला गेले. प्रज्ञा जाळी लावून आत उभी राहिली. ते बाहेर आले तशा आजी उठून जाळीला चिकटल्या. "बाबू!"

"आजी, मागे बसा."

"अगो, झील माझो तो!"

कॅप्टन हळूच म्हणाले, "अगं, आई आहे माझी. एक मिनिट उघड ना."

उघडली तर तिथेच नापास. नाही उघडली तर कॅप्टनला नकार, तोही दुसऱ्याच फ्लाइटला! प्रज्ञाचा हात कडीवरून हलला नाही.

"सॉरी सर. आधी तुम्ही आत, मग दार बंद, मगच जाळी."

कॅप्टन आईकडे वळले. मग म्हणाले, "आई, ती सांगते तसं कर. बस."

आजी बसायला वळल्या, थांबल्या, पुन्हा जाळीशी आल्या. पाच रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाबू, हात धुतलंस काय रे?"

खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या असलेल्या त्या माणसाने निमूटपणे दोन्ही तळहात जाळीसमोर धरले.