भागीचं नाव हिरवं झालं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. बी.एड.ला माझ्यासोबत खोली करून राहणाऱ्या मैत्रिणीला तर नाहीच – तिला सांगितलं असतं तर तिनं माझी समजूत घातली असती, आणि ती समजूत मी गोड मानून घेतली असती. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. जे ओळखतात ते मला चांगली शिक्षिका म्हणतात.

सहा वर्षांपूर्वी मी परभणीत बी.एड. करत होते. दुसऱ्या वर्षी आम्हाला चार महिने एका शाळेवर पाठवतात – तिथं राहून शिकवायला शिकायचं. माझ्या वाट्याला ताडकळसच्या पुढची एक शाळा आली. गावाचं नाव लिहीत नाही. एसटीनं ताडकळसपर्यंत जायचं, तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर किंवा पायी. सातवीपर्यंतची शाळा, लिंबाचं झाड, एका बाजूला खिचडी शिजवायची पत्र्याची खोली. मुख्याध्यापकांना सगळे हेडसर म्हणायचे. साधा माणूस. मी मोबाइल प्रोजेक्टरला जोडून भिंतीवर चित्र पाडलं तर मुलांच्या मागे उभं राहून मुलांसारखाच बघायचा.

आमचा विषयच तो होता – वर्गात तंत्रज्ञान कसं वापरायचं. नुसते व्हिडिओ दाखवले तर गुण मिळत नसत. तंत्रज्ञानानं मूल शिकलं, हे दाखवावं लागे. मी एक पद्धत निवडली. तुम्ही कदाचित पाहिली असेल. प्रत्येक मुलाला एक पुठ्ठ्याचं कार्ड द्यायचं. त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी, प्रत्येकाची वेगळी. प्रश्न भिंतीवर दिसतो, चार उत्तरं दिसतात. उत्तर जे वाटेल त्याप्रमाणे मुलानं कार्ड फिरवून वर धरायचं. मी मोबाइल सगळ्या वर्गावरून फिरवला की तो प्रत्येक कार्ड ओळखतो, आणि उत्तर बरोबर असेल तर भिंतीवर त्या मुलाचं नाव हिरवं होतं, नाहीतर लाल. मुलं त्या कार्डाला पत्ता म्हणायची.

माझ्या पाठाच्या टाचणात मी लिहिलं होतं – ‘जे विद्यार्थी हात वर करत नाहीत, त्यांच्यासाठी ही पद्धत उपयुक्त आहे.’ हे वाक्य मला पाठ आहे. मीच लिहिलं होतं, आणि खरं होतं ते.

कारण भागी होती ना.

भाग्यश्री तिचं नाव. सातवीत होती. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून मागं बसायची. धाकट्या दोन भावंडांना सांभाळण्यात तिची मधली दोन वर्षं अर्धी-अर्धी गेली होती. वाचताना अक्षरांवर अडखळायची, आणि अडखळली की हसू होतं म्हणून तोंडच उघडायची नाही. सगळ्या सरांनी तिला विचारणं सोडून दिलं होतं. कुणी रागवायचंही नाही. रागवायला तरी माणूस दिसावा लागतो.

पण पत्ता तिला आवडला. पत्त्याला बोलावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात तिचं नाव दहाच्या दहा वेळा लाल आलं. तिला त्याचं काही वाटलं नाही – भिंतीवर आपलं नाव आहे याचंच तिला अप्रूप. दुसऱ्या आठवड्यात दोन हिरवी. मग तीन. एकदा चार. अपूर्णांक चालले होते. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ यायची, बोलायची नाही, वहीवर भाकरी काढायची आणि तिचे भाग पाडायची. अर्धी, पाव, अर्धपाव. एकदा म्हणाली, “बाई, पाव म्हंजी लय कमी दिसतंय, पर चार पाव झाले की भाकर होतीच की.” मी म्हटलं, हो. त्या दिवशी मला खरोखर वाटलं होतं की मला शिकवता येतं.

इथवर सांगायला सोपं आहे.

शेवटचा पाठ बघायला कॉलेजातून मॅडम येणार होत्या. ज्याचा पाठ चांगला होईल त्याचा पाठ सगळ्या जिल्ह्याच्या शिक्षकांपुढं दाखवायला पाठवणार, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. तो पाठ माझा असावा असं मला वाटत होतं. वाटत होतं म्हणजे किती, ते सांगत बसत नाही. घरची परिस्थिती, वडिलांचं बोलणं – सांगायला पुष्कळ आहे, आणि सांगितलं की तुम्ही मान हलवाल. म्हणून नाही सांगत.

तेवीस मुलं. मॅडमसमोर भिंतीवर तेवीस नावं. सगळ्यांकडून मी ते दहा प्रश्न आधीच चार-पाच वेळा घोटून घेतले होते. हीसुद्धा लबाडीच, पण ती सगळेच करतात, म्हणून तिची लाज वाटत नाही. घोटूनही भागी सहाच्या वर जाईना. सहा. जी पोरगी शून्यावर होती ती सहावर आली होती. मला मॅडमला तेच दाखवता आलं असतं, नाही का? शून्य, दोन, चार, सहा – नोंदी सगळ्या मोबाइलमध्ये होत्या. त्याहून मोठं काय दाखवायचं असतं शिक्षकानं? मला ते सुचलं नाही असं म्हणणार होते. सुचलं होतं. पण भिंत पूर्ण हिरवी दिसण्यात जी मजा आहे ती त्यात नव्हती.

पाठाच्या दिवशी सकाळी मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, “भागी, आज खिचडीच्या मावशींना तांदूळ निवडू लाग. पाहुणे यायलेत, खिचडी जास्त करायचीय.”

ती म्हणाली, “माझा पत्ता?”

“मी ठेवते.”

तिचा पत्ता मी ऋतुजाला दिला. ऋतुजा वर्गातली हुशार मुलगी, पहिल्या ओळीत बसायची. तिला सांगितलं, दोन हातांत दोन धर, आपलं फिरवशील तसंच दुसरं फिरव. तिनं विचारलं नाही का म्हणून. हुशार होती.

पाठ झाला. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. मॅडम मागं खुर्चीवर बसल्या होत्या आणि भिंतीकडं बघत होत्या. मुलांकडं कुणीच बघत नव्हतं – मी शिकलेला सगळ्यांत मोठा धडा हाच, पण तो टाचणात लिहिता येत नाही. दहाव्या प्रश्नाला तेवीस नावं हिरवी झाली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. हेडसरांनी वाजवल्या. मुलांनी वाजवल्या. त्या टाळ्यांतच एका खिडकीची सतरंजी वाऱ्यानं का कशानं बाजूला झाली आणि मला भागी दिसली. हातात तांदळाचं ताट. ती भिंत वाचत होती. स्वतःचं नाव तिला न अडखळता वाचता यायचं.

मॅडम गेल्यावर ती आली. मी पायरीवर बसून मोबाइल बघत होते, मॅडमचा निरोप आला होता – ‘अप्रतिम.’ ती समोर उभी राहिली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. गणित मांडावं तसं म्हणाली, “बाई, मी न्हवते तवाच माझं समदं बरोबर आलं.”

मी म्हटलं, “कुणाला सांगू नको.”

ती म्हणाली, “मंग मी येऊ नको व्हय, बाई?”

मी मान वर केली नाही. म्हटलं, “जा आता घरी.”

आता मला सांगा, तिनं याचा काय अर्थ घ्यायचा होता?

चौथ्या दिवशी तिची माय तिला मनगटाला धरून शाळेत घेऊन आली. शेतात निघाली होती, डोक्याला फडकं बांधलेलं. व्हरांड्यात हेडसर होते, मी होते, पहिल्या ओळीतल्या पोरी होत्या. माय हेडसरांना म्हणाली, “सर, ही तीन दिस झाले घरी बसलीय. म्हनायलीय, बाईनंच येऊ नको म्हनलं. माझा पत्ता दुसरीनं धरला म्हनायलीय. खरं हाय का खोटं, ते इचारायला आले.”

हेडसरांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, “नाही हो मावशी. मी कशाला येऊ नको म्हणू? ती होती की त्या दिवशी वर्गात.” आणि – हे मी कुणीही न विचारता केलं – मोबाइल काढला, त्या पाठाची नोंद उघडली आणि तिच्यापुढं धरली. भाग्यश्री, दहापैकी दहा. सगळं हिरवं. तिला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं. हेडसरांनी वाचून सांगितलं, “दहाच्या दहा हायेत बघा तुमच्या पोरीचे.”

माय त्या हिरव्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “मशीन कशाला खोटं बोलंल.” आणि तिनं भागीच्या तोंडात मारली. एकच, पण जोरात. “बाई जीव तोडून शिकवायलीय, आन तू त्यांच्यावर आळ घ्यायलीस?”

भागी रडली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. ऋतुजानं बघितलं. मी ऋतुजाकडं बघितल्यावर तिनं मान खाली घातली. म्हणजे त्या चार महिन्यांत मी एका पोरीला नाही, दोघींना शिकवलं.

माय जाताना माझ्यासमोर हात जोडून म्हणाली, “लेकराचं मनावर घेऊ नका, बाई.” मी म्हटलं, “असू द्या.” असू द्या म्हणाले मी. माफ केलं मी तिला.

माझा पाठ जिल्ह्याला गेला. बी.एड.ला मी पहिली आले. आज पाथरीकडच्या एका शाळेत आहे, पर्मनंट आहे. नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला बोलायला बोलावतात, आणि मी जाते. तेव्हाचा फोटो अजून दाखवते – हिरवी भिंत, तेवीस नावं. एखादा नवा पोरगा म्हणतोच, “मॅडम, एकपण लाल नाही, कसं जमवलं?” मी म्हणते, मुलांची मेहनत. मागच्या वर्षी एका कागदासाठी हेडसरांना फोन केला होता. ते आता निवृत्त झालेत. बोलता बोलता मी भागीचं विचारलं, सहज विचारल्यासारखं. म्हणाले, तिच्या मावशीच्या गावाला धाडली होती, तिथं कापूस वेचायला जायची, मग लवकरच लग्न करून टाकलं. मग म्हणाले, “शाळेची गोडीच न्हवती तिला.” मी हो म्हटलं.

इथंही थांबता आलं असतं. इतकी वर्षं मनातल्या मनात सांगताना मी त्या थपडेपाशीच थांबत आले. एक चूक, भीतीपोटी एक खोटं, तरुण वय. असं धरलं की झोप येते. पण अजून एक राहिलंय, आणि त्यात भीती नव्हती.

त्या थपडेनंतर भागी शाळेत आलीच नाही. माझे शेवटचे आठ दिवस उरले होते. हेडसर मला म्हणाले, “बाई, तुमच्यावर तिचा लय जीव होता. तुमी एकदा घरी जाऊन या. तुमी म्हनलात तर ती येईल.” आणि मी गेले. दुपारची वेळ, गल्लीत कुणी नाही, मोठी माणसं शेतात. मारुतीच्या पाराच्या पुढं डाव्या हाताला तिचं घर, मला माहीत होतं. मनात काय होतं तेव्हा? बोलायचं ठरवून निघाले होते, हे खरं. सांगणार होते की माझं चुकलं, तू चल. वाक्य तयार होतं.

ती दारात बसली होती. मांडीवर धाकटा भाऊ झोपलेला. तिनं मला वीस-पंचवीस पावलांवरून बघितलं. भावाला हळूच खाली ठेवलं आणि उभी राहिली. फ्रॉक झटकला, दोन्ही हातांनी केस मागं सारले – शाळेत प्रार्थनेला उभं राहायच्या आधी पोरी सारतात तसे. हसली नाही, पण चेहरा उजळला तिचा. बाई न्यायला आल्या, असं तिला वाटलं होतं. बरोबरच वाटलं होतं.

आणि माझ्या मनात आलं – ही शाळेत आली तर आठ दिवसांत कधीतरी कुणाला तरी सांगेल.

मी मागं फिरले. आमची नजरानजर झाली होती, तिनं मला बघितलंय हे मला दिसलं होतं, तरी फिरले. घाईनं नाही, सावकाश, जसं काही मला दुसऱ्याच घरी जायचं होतं. तिनं हाक मारली नाही.

शाळेत येऊन हेडसरांना सांगितलं, घराला कुलूप होतं. त्यांनी गृहभेटींची वही पुढं केली. तिच्या नावापुढं मी माझ्या हातानं लिहिलं – ‘गृहभेट दिली. घर बंद.’ खाली सही केली.