तंबोरा थांबला ती जागा

कपाटाचा खालचा कप्पा उघडला की हल्ली एक आंबट वास येतो. लोणच्याचा खार बिघडला म्हणजे येतो तसा, नाकाला जरा झोंबणारा. पहिल्यांदा आला तेव्हा मी खरोखरच बरणी शोधली. त्या कप्प्यात बरणी कुठली असायला! जुन्या टाचणवह्या, तंबोऱ्याच्या तारांची पुडकी, आईची शाल, आणि सगळ्यांच्या मागे एक चपटा, गोल, पत्र्याचा डबा. झाकण काढलं तसा वास भसकन अंगावर आला. आत टेपरेकॉर्डरची तपकिरी फीत होती, चाकावर गुंडाळलेली. तिच्या कडा आखडल्या होत्या, आणि नुसतं बोट लावलं तर कपचा निघाला. भाचीला दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, जुन्या फिती कुजायला लागल्या की असाच वास मारतात. फेकून दे." मी झाकण लावलं आणि डबा होता तिथेच ठेवला. तेव्हापासून काही ना काही निमित्त काढून मी तो कप्पा रोज उघडते आहे. तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल, म्हणून तुम्हाला सांगते.

त्या फितीत अठरा-वीस मिनिटांचं संगीत आहे. एका माणसाने जन्मभर जे ऐकलं, जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं, त्यातलं उरलं ते एवढंच. आम्ही वऱ्हाडातली माणसं मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात घातली गेलो, त्या हिवाळ्यात ते आमच्या यवतमाळच्या मुलींच्या शाळेत संगीताचे शिक्षक म्हणून आले. मूळचे बाभुळगावकडचे. तरुणपणी एका नाटक मंडळीत पेटी वाजवली, मग मुंबईला जाऊन सिनेमाच्या स्टुडिओत वादकांच्या ताफ्यात पाच-सहा वर्षं काढली. तिथून परतताना त्यांनी आणलं काय, तर एक ट्रंकेएवढं टेपरेकॉर्डरचं धूड आणि चारचौघांसारखं संगीत करायचं नाही असा निश्चय. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी तिथे मराठी आणि भूगोल शिकवत असे, वय चोवीस, लग्न व्हायचं होतं. वडिलांमुळे तंबोरा हाताशी आला होता, म्हणून मास्तरांनी मला धरलं. "बाई, तुम्हाला गाता येत नाही हे फार बरं आहे. गाणाऱ्याचा हात स्थिर नसतो," असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला राग आला होता. पण त्यांचं बरोबर होतं.

शाळेला हवी होती प्रार्थना आणि स्नेहसंमेलनाची गाणी. ती ते मुकाट्याने बसवून देत. बाकीचा वेळ त्यांचा होता, आणि त्या वेळात ते काय करत हे गावाला कधी कळलं नाही. बाजारातून बैलांच्या गळ्यातल्या घाट्या आणून त्या कानशीने घासत बसायचे, हव्या त्या सुरावर येईपर्यंत. कापसाचं बोंड कानाशी धरून त्यातला कापूस हळूच ओढायचे आणि म्हणायचे, "ऐका." मला काही ऐकू यायचं नाही. मग महिनाभराने एकदा ऐकू आलं, बारीक, कापड उसवल्यासारखं, आणि त्यानंतर वेचणीच्या दिवसांत शेताच्या कडेने जाताना मला तेच ऐकू येत राहिलं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचा भोंगा दुपारी चारला वाजायचा. मास्तरांनी माझा तंबोरा त्या भोंग्याशी मिळवून घेतला होता. खर्जाची तार उतरवायची, खिडकी उघडून भोंग्याची वाट पाहायची, आणि तो वाजला की खुंटी पिळून तारेखालचा जवारीचा दोरा, सूर घुमवणारा, केसभर सरकवायचा. शिपाई दारातून बघून हसायचा. मास्तरांना कोणी विचारलं, की नवी चाल लावताय का, तर ते शांतपणे सांगत, "चाल नाही. रचना आहे." ऐकणाऱ्याला दोन्हीतला फरक कळत नसे, आणि मास्तरांना तो समजावून सांगता येत नसे. त्यांचं अर्धं नशीब तिथेच ठरलं असं मला वाटतं.

त्या रचनेत माणसाचा आवाज कोणता घालायचा, हे त्यांना तीन-चार वर्षं सापडलं नाही. मग एका आश्विनात सापडलं. लोहाऱ्याच्या पलीकडच्या तांड्यावरची एक बंजारा बाई सीताफळांची पाटी घेऊन आमच्या दारी यायची. आरशांची ओढणी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बोलणं फटकळ. मास्तरांनी कधीतरी तांड्यावरच्या लग्नात तिचा ढावलो ऐकला होता. नवरी सासरी निघताना जे गाऊन रडते, ते ढावलो. तिच्याकडून ते पुन्हा ऐकायचं म्हणून आम्ही तांड्यावर गेलो. मी एकटी मास्तरांबरोबर कशी जाणार, म्हणून शिपायाची बायको सोबतीला. मास्तरांनी विनंती केली तशी ती बंजारा बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोन चाल्लं?" तिने विचारलं.

"कोनीच नाही. गान्यासाठी पाह्यजे होतं," मास्तर म्हणाले. तांड्यावर गेले की त्यांच्या तोंडी बाभुळगाव यायचं.

"मंग रडू कायले?"

भोवतीच्या बाया हसल्या. तिने मग आम्हाला शाळेतल्या पोरींसारखं समोर बसवून समजावलं. लग्नाआधी महिनाभर म्हाताऱ्या बाया नवरीला ढावलो शिकवतात, पण शिकवलेलं त्या दिवशी कामाला येत नाही, ते आपोआप निघतं. आईच्या गळ्यात पडून आईचं, भावाच्या गळ्यात पडून भावाचं. "अन् ज्याच्या गळ्यात पडलं, त्यानंबी रडाव लागते, बाई. आपन एक बोल रडाचा, मंग थांबाचं. त्यानं जबाब द्याचा. जो नाही देत, त्यानं तोंडावर दार लावलं असं समजाचं." मास्तर डोळे मिटून तिच्या बोलण्यातले चढउतार ऐकत होते. मी परतीच्या टांग्याची वेळ बघत होते. ती सांगत होती ते आम्हा दोघांपैकी एकानेही ऐकलं नाही.

शेवटी ती तयार झाली, पण आमच्यासाठी नाही. उन्हाळ्यात तिच्या लेकीचं लग्न होतं. "तिले आठवीन अन् रडीन," म्हणाली. तालमीला आली की ती खाली बसून अर्ध्या आवाजात म्हणायची, आणि संपलं की पदर झटकून पाटी उचलायची. मास्तर खूष होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणाची तरी भीती वाटत होती, कारण स्नेहसंमेलनाला नागपूरहून एक पाहुणे येणार होते, संगीतातले मोठे जाणकार. त्यांना आवडलं तर रचना नागपूरला आणि तिथून पुढे रेडिओवर जाणार होती. मास्तरांचं वय तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे गेलं होतं. पुन्हा अशी संधी येणार नाही हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. त्यांनी माझ्याकडून एकच वचन घेतलं. कोणी चुकलं, अडखळलं, अगदी सभा उठून गेली, तरी तंबोरा थांबता कामा नये. मी म्हटलं, "थांबणार नाही."

कार्यक्रम दुपारचा होता. मास्तरांनी सगळं असं बांधलं होतं, की बरोबर चारला जिनिंगचा भोंगा बाहेरून येऊन तंबोऱ्यात मिसळावा. पण शाळेच्या चिटणिसांचं भाषण लांबलं आणि भोंगा त्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या महतीत वाजून गेला. पडद्याआड मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "राहू द्या," आणि जाऊन ध्वनिमुद्रणासाठी टेपरेकॉर्डर सुरू केला. मी तंबोरा छेडला, बारा मुलींनी मायक्रोफोनजवळ बोंडातला कापूस ओढला. घाट्या एकेक करून बोलू लागल्या. सभेत चुळबुळ होती, पण वाईट नव्हती. मग त्या बंजारा बाईने आवाज लावला. पहिल्या ओळीला तो आवाज आहे की श्वास, हे कळलं नाही. शब्द बंजाऱ्यांच्या गोरबोलीतले, मला फक्त 'याडी' समजलं, म्हणजे आई. चुळबुळ थांबली. पहिल्या रांगेत पाहुणे खुर्चीत पुढे सरकून बसले. मी ते पाहिलं, आणि मनात म्हटलं, मास्तर तरले.

तेवढ्यात ती उठली. तालमीत ती कधी उठली नव्हती. तिला आता लेक दिसत होती की स्वतःचं जुनं लग्न, कोण जाणे, पण रडायला गळा हवा होता आणि जवळात जवळची बाई मी होते. तिने येऊन माझ्या गळ्यात हात टाकले. तंबोरा आमच्या दोघींच्या मध्ये कलला. तिच्या बांगड्या माझ्या पाठीत रुतल्या, तिचं ऊन ऊन पाणी माझ्या मानेवर आलं. ती एक बोल रडली आणि थांबली.

ती माझ्या जबाबासाठी थांबली होती. आज मला ते लख्ख कळतं. तेव्हा मला समोर मुख्याध्यापिका दिसत होत्या, पालक दिसत होते, माझा चुरगळलेला पदर दिसत होता. मी रडले नाही. आणि माझी बोटं तारांवरून कधी उतरली हे मला समजलंही नाही. सभागृहात काहीच उरलं नाही, रडणं नाही, सूर नाही. ती पुन्हा एकदा रडली, पहिल्यापेक्षा हळू, आणि पुन्हा थांबली. मग तिने हात काढून घेतले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मागून बायकांतून कोणीतरी विचारलं, "काहून रडून राह्यली वो ते? कोनी मेलं का?" कोणी हसलं, कोणी लेकीबाळींच्या शाळेत हा अपशकुन कशाला म्हणून पुटपुटलं, आणि चिटणिसांनी पडदा ओढायला लावला. पाहुणे चहा घेताना म्हणाले, "वेगळं आहे." संध्याकाळच्या गाडीने ते नागपूरला परत गेले. त्यांचं पत्र आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संगीताच्या खोलीत मास्तरांनी फीत लावली. दाराशी शिपायाची बायको तांदूळ निवडत बसली होती. ती जागा आली. चाकं नुसतीच फिरत राहिली. मास्तर यंत्रावर वाकून ऐकत होते. त्यांनी फीत मागे घेतली आणि तेवढीच पुन्हा लावली, आणि मग तिसऱ्यांदा. मला वाटलं, माणसाने शिव्या द्याव्यात, पण हे करू नये. शेवटी ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, हे मी नोतं लिहिलं. पन हेच बराबर हाये." एवढंच. हे वाक्य मी इतकी वर्षं उलटसुलट करून पाहते आहे. त्यांना खरंच तसं वाटलं, की माझी लाज झाकायला त्यांनी ते म्हटलं? सूर आणि रडणं दोन्ही संपल्यावरची ती पोकळी, तीच त्यांची सगळ्यात चांगली जागा होती का? असेलही. पण दया करायची त्यांना सवय होती, त्यामुळे मला त्या वाक्याचा आधार कधी घेता आला नाही. आणि मी चुकले हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पुढच्या वेळापत्रकात संगीताच्या तासाच्या जागी शिवण आली. मास्तरांनी कोणाशी वाद घातला नाही. ढाणकीला त्यांची बहीण दिली होती, तिच्याकडे जायचं ठरलं. निघाले त्या सकाळी मी एसटीच्या फाट्यावर गेले, सोबतीला पुन्हा शिपायाची बायको. टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला होता आणि तो दुरुस्त करणारा कोणी सापडला नव्हता. "आता माझ्याकडे असून काय करू," असं म्हणून त्यांनी हा डबा माझ्या हातात दिला. "जवारी बिघडू देऊ नका." मी म्हटलं, "पत्र टाका." गाडी सुटली. लग्न न झालेल्या मास्तरणीने भर फाट्यावर परक्या पुरुषासाठी रडावं असे ते दिवस नव्हते. मी कोरड्या डोळ्यांनी शाळेत परत आले आणि तिसरीला नद्या शिकवल्या.

पुढच्या आश्विनात ती बंजारा बाई सीताफळं घेऊन आली. मला वाटलं होतं, आता आमच्या दारी ती चढायची नाही. पाटी उतरवून तिने मास्तरांची चौकशी केली.

"गेले ते. ढाणकीला," मी म्हटलं.

"कोन रडलं?"

"कोणी नाही."

तिची लेक उन्हाळ्यात सासरी गेली होती. तिच्या मागे ही तीन दिवस आवाज बसेतो रडली होती. मग पाटीतली पिकलेली फळं वेगळी काढत ती म्हणाली, "मंग तो गेलाच नाही, बाई. न रडता गेलेलं मानूस पुरतं जात नाही. अर्धं इथंच राह्यते."

ढाणकीला मास्तरांनी भजनात पेटी वाजवली, मेहुण्याच्या दुकानी बसले, आणि रचना म्हणून पुन्हा काही केलं नाही. एकोणीसशे साठचं दशक संपता संपता त्यांच्या बहिणीचं कार्ड आलं, दोन ओळींचं. तेव्हाही मी रडले नाही. मधल्या काळात माझं लग्न झालं, मग संसार झाला, आईवडील गेले, नवरा गेला. त्या सगळ्यांसाठी रडले, पोटभर रडले, आणि ते सगळे रीतसर गेले. जिनिंगचा भोंगा बंद पडूनही किती वर्षं झाली. तंबोरा मात्र अजून त्याच सुरात मिळवलेला आहे.

काल दुपारी मी कप्पा उघडून खाली जमिनीवर बसले होते. वास येत होता. आता ही फीत कोणत्याही यंत्रावर चालणार नाही. म्हणजे माझी ती जागा पुन्हा कोणाला ऐकू येणार नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी किती तरी वर्षांनी वाटलं, की आता जबाब देता येईल. मानेवर त्या बंजारा बाईचे हात आठवले. मी तोंड उघडलंसुद्धा. मग सीताफळं निवडताना ती म्हणाली होती ते आठवलं आणि मी घाईने तोंड मिटलं, डब्याचं झाकण घट्ट लावलं. राहू दे. अर्धं तरी इथे असू दे.