सुनीता मॅडमना मागे घ्यायला लावलेलं भाकीत

सुनीता मॅडम गेल्याचं कळलं तेव्हा मी परभणीच्या स्टँडवर जिंतूरच्या बसची वाट बघत होतो. कॉलेजचा शिपाई फोनवर एवढंच म्हणाला, "सर, मॅडम गेल्या... मेंदूत रक्तस्राव झाला." बस आली, भरली, निघून गेली. मी तिथंच उभा. त्याला आता दीड महिना होतोय.

मॅडम पेडगावच्या, मजुरी करणाऱ्या बौद्ध घरातल्या पहिल्या प्राध्यापक. आम्ही दोघांनी बारा वर्षं एकाच कॉलेजात कॉमर्स शिकवलं. कंपनीच्या ताळेबंदावरून तिचं दिवाळं आधीच ओळखता येतं का, हा त्यांच्या पीएचडीचा विषय. अभ्यासाला त्यांनी आमच्याच भागातली सोयाबीन तेलाची एक मोठी कंपनी घेतली, तिचे पाच वर्षांचे छापील अहवाल. माझे थोरले भाऊ तिथंच कामाला. एकदा स्टाफरूममध्ये मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, कागदावर नफा दरसाल वाढायलाय, पण हातात रोकड येईना. जुन्या कर्जाचं व्याज नव्या कर्जातून चाललंय. दोन वर्षांच्या वर टिकत नाही ही. दादांना दुसरीकडं बघायला सांगा."

मी हसलो. दादांना सांगितलं नाही.

तेच त्यांनी चर्चासत्रात मांडलं. आमचे संस्थाचालक त्या कंपनीचे संचालक. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मॅडमना बोलावलं, सोबत मलाही. "तुमची आकडेमोड मागं घ्या अन् माफी लिहून द्या."

"आकडे माझे नाहीत, साहेब. तुमच्या कंपनीनंच छापलेत."

"नोकरी तर तुमचीच हाय ना?"

माफीनामा मी लिहिला. माझी भाषा चांगली म्हणून... मॅडमनी तो वाचला, एक ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केलं आणि सही केली. माझ्याकडं बघितलंही नाही.

पावणेदोन वर्षांत कंपनीला टाळं लागलं. दादांचा सात महिन्यांचा पगार बुडाला. तुमचं खरं ठरलं, असं मॅडमना एकानंही म्हटलं नाही. उलट, तिच्याच तोंडातून अभद्र निघालं, अशी कुजबुज. एकदा जेवताना दादा म्हणाले, "त्या बाईला आधीच कळलं होतं म्हणं. तुला काही बोलल्या नव्हत्या का रे?"

"न्हाई," मी म्हणालो.

शोकसभेत संस्थाचालकांनी मॅडमना 'दूरदृष्टीच्या विदुषी' म्हटलं. मीही सगळ्यांबरोबर दोन मिनिटं मान खाली घालून उभा राहिलो. ती सवय मला आहेच.

मॅडम कुठलाही अहवाल शेवटच्या पानापासून वाचायच्या. पुढं नुसते फोटो असतात, म्हणायच्या. खरं काय ते शेवटी, बारीक अक्षरात. गेल्या आठवड्यात आमच्या संस्थेचा वार्षिक अहवाल वाटला. पहिल्याच पानावर हार घातलेला मॅडमचा फोटो. मी अहवाल शेवटून उघडला. शेवटून दुसऱ्या पानावर, लेखापरीक्षकाच्या टिपेत एक ओळ होती... कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम अद्याप भरलेली नाही. स्टाफरूम भरलेली होती. कुणीतरी चहा मागवत होतं.

त्या दिवशीही मी अहवाल मिटला आणि तासाला गेलो.